कंपनीचे टायर काढून वेगळ्या मापाचे टाकावेत का?

चाळीस-पंचेचाळीस हजार किलोमीटर झाले, टायर गोटे झाले, की टायरच्या दुकानात हा प्रश्न हमखास निघतो: ‘कंपनीच्याच मापाचे टाकू, की जरा रुंद टाकू?’ दुकानदार म्हणतो, ‘टाका साहेब, गाडी भरदार दिसेल, रस्ता पकडून चालेल.’ सोबत आलेले शेजारचे काका म्हणतात, ‘अजिबात नको, अ‍ॅव्हरेज बसेल.’ दुकानदार खोटं बोलत नसतो आणि काकाही चुकत नसतात. पण टायर किती रुंद घ्यायचा, हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. नवा टायर चढवल्यावर चाकाची एकूण उंची तीच राहते का, हे आधी बघावं लागतं. ते गणित शाळेतल्या गुणाकार-बेरजेपलीकडे जात नाही. ते आधी करू, मग रुंदीकडे वळू.

१. टायरच्या अंगावरचे आकडे

मारुती स्विफ्टच्या तिसऱ्या पिढीतली, म्हणजे २०१८ साली आलेली गाडी घेऊ. रस्त्यावर ती भरपूर दिसते. तिच्या वरच्या प्रकाराच्या टायरवर बाजूला लिहिलेलं असतं: १८५/६५ आर १५, आणि त्यापुढे ८८ एच.

यातले १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ हे मिलिमीटर नाहीत, ते टक्के आहेत. टायरची बाजू, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची भिंत, रुंदीच्या ६५ टक्के उंच आहे. आर म्हणजे रेडियल बांधणी. १५ हा रिमचा व्यास आहे आणि तो इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी खिचडी केलेली असल्यामुळे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. टक्केवारीचा आकडा रुंदीवर अवलंबून आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं. ६५ तसाच ठेवून रुंदी वाढवली, तर भिंतीची उंचीही आपोआप वाढते. ‘फक्त रुंदीच वाढवली हो’ असं म्हणणाऱ्याने उंचीही वाढवलेली असते, त्याला ते ठाऊक नसतं.

शेवटचे ८८ एच अनेक जण वाचतच नाहीत. ८८ हा वजन पेलण्याचा क्रमांक आहे. तो किलोचा आकडा नव्हे, तक्त्यातला क्रमांक आहे आणि त्याचा अर्थ एका टायरला जास्तीत जास्त ५६० किलो. ८५ असेल तर ५१५ किलो, ९१ असेल तर ६१५ किलो. एच हे अक्षर वेगाची मर्यादा सांगतं: टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. आपण काही २१० ने जाणार नाही हे खरं. पण वरच्या अक्षराचा टायर उष्णता जास्त सोसेल अशा बांधणीचा असतो, आणि मे महिन्यात विदर्भातल्या महामार्गावर ते उपयोगी पडतं. माप कुठलंही निवडा, वजनाचा क्रमांक आणि वेगाचं अक्षर कंपनीने सांगितलंय त्याच्या खाली जाता कामा नये.

२. चाकाची उंची

आता आकडेमोड. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिलिमीटर. ही झाली एका बाजूची भिंत. चाकात ती वरही आहे आणि खालीही, म्हणून दुप्पट: २४०.५. रिम १५ इंची. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून ३८१. बेरीज ६२१.५ मिलिमीटर. ही चाकाची एकूण उंची.

याच स्विफ्टच्या खालच्या प्रकारांना कंपनी १६५/८० आर १४ हे माप देत असे. रिम एक इंचाने लहान, टायर २० मिलिमीटरने अरुंद. दिसायला सगळंच वेगळं. पण गणित करा: १६५ चे ८० टक्के १३२, दुप्पट २६४, अधिक १४ इंचांचे ३५५.६, एकूण ६१९.६ मिलिमीटर. फरक दोन मिलिमीटरसुद्धा नाही. आणखी एक माप घेऊ, १९५/५५ आर १६. भिंत १०७.२५, दुप्पट २१४.५, अधिक ४०६.४, एकूण ६२०.९. पुन्हा तेच.

हा योगायोग नाही. मापांची ही मालिकाच अशी बेतलेली आहे, की रिम इंचाने वाढली की भिंत तेवढी उतरते आणि चाकाची उंची जागेवर राहते. माप बदलण्याचा सभ्य मार्ग तो हाच.

आता दुकानात सहज सुचवला जाणारा दुसरा मार्ग पाहू: रिम तीच, टायर रुंद. १८५/६५ च्या जागी १९५/६५ आर १५ टाकला, तर उंची ६३४.५ होते, म्हणजे २.१ टक्के जास्त. २०५/६५ आर १५ टाकला तर ६४७.५, म्हणजे ४.२ टक्के जास्त. या धंद्यातली माणसं साधारण दोन ते तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतात. मी दोनच्या आत राहावं म्हणेन. खालच्या प्रकाराची स्विफ्ट असलेले बरेच जण १४ इंची रिमवरच १८५/७० आर १४ टाकतात. त्याची उंची ६१४.६ येते, फरक एका टक्क्याच्या आत. हा बदल समंजस आहे.

‘गाडी खाली लागते, म्हणून मोठे टायर टाकतो’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. चाक १३ मिलिमीटरने उंच झालं, तर गाडी त्याच्या निम्मीच वर उचलली जाते, कारण आस चाकाच्या मध्यावर असते. १९५/६५ टाकून मिळालेली उंची साडेसहा मिलिमीटर. आपल्याकडच्या गतिरोधकांना साडेसहा मिलिमीटरने काही फरक पडत नाही.

३. काटा, किलोमीटर आणि अ‍ॅव्हरेज

उंचीचा एवढा बाऊ कशासाठी? गाडीला अंतर कळतं ते चाकाच्या फेऱ्यांवरून. शेताचा बांध पावलांनी मोजायचा झाला, तर उंच माणसाची पावलं कमी भरतात आणि बुटक्याची जास्त. बांध तेवढाच असतो. गाडीच्या कॉम्प्युटरला कंपनीने एका पावलाची लांबी कायमची शिकवून ठेवलेली आहे. आपण चाक मोठं केलं, की पाऊल लांबतं. कॉम्प्युटर मात्र जुन्याच पावलाने मोजत राहतो.

१८५/६५ आर १५ चं चाक एका फेरीत साधारण १.९५ मीटर जातं, म्हणजे किलोमीटरला ५१२ फेऱ्या. २०५/६५ चं चाक तेच अंतर ४९२ फेऱ्यांत कापतं. म्हणजे काटा पूर्वी होता तिथेच दिसला, तरी गाडी पूर्वीपेक्षा चार टक्के जास्त वेगात असते.

कंपन्या काट्यात मुळातच थोडी गादी ठेवतात. वेगाचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवता कामा नये, जास्त दाखवला तर एका मर्यादेपर्यंत चालेल, असं संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांपैकी ३९ वा नियम सांगतो. ती मर्यादा आहे खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर. म्हणून बहुतेक गाड्यांचा काटा खऱ्यापेक्षा थोडा पुढेच असतो. मोठे टायर ही गादी खातात. गादी संपल्यावर काटा १०० च्या अलीकडे आणि गाडी १०० च्या पलीकडे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचे कॅमेरे तुमचा काटा वाचत नाहीत, गाडीचा वेग मोजतात.

अ‍ॅव्हरेजचीही अशीच गंमत होते. समजा, ४० लिटर पेट्रोलमध्ये गाडी खरोखर ७२० किलोमीटर गेली, म्हणजे लिटरला १८. पण चाक ४.२ टक्के मोठं असल्यामुळे मीटरवर नोंद झाली ६९१ ची. मालक भागाकार करतो आणि १७.३ आलं म्हणून हळहळतो. ‘रुंद टायर टाकल्यापासून अ‍ॅव्हरेज बसलं’ या तक्रारीतला काही भाग असा निव्वळ मोजणीचा असतो. उरलेला मात्र खरा असतो: जड चाक फिरवायला जास्त ताकद लागते, रुंद टायर जास्त हवा अंगावर घेतो आणि बहुधा रस्त्यावरचं घर्षणही वाढतं. अ‍ॅव्हरेज तपासायचंच असेल, तर अंतर मोबाइलच्या नकाशावरून घ्या.

मोठं चाक म्हणजे एका अर्थी प्रत्येक गिअर थोडा वरचा झाला. चार टक्के उंचीमागे चाकापाशी पोहोचणारी ओढ तेवढीच घटते. सपाटीवर जाणवत नाही. पाच माणसं, डिकीभर सामान आणि चालू एसी घेऊन खंबाटकी किंवा कसारा घाट चढताना जाणवतं, विशेषतः एक-सव्वा लिटरच्या इंजिनाला.

इथे वाचकाला एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. टाटा नेक्सॉनच्या खालच्या प्रकारांना १९५/६० आर १६ येतात आणि वरच्या प्रकारांना २१५/६० आर १६. उंची निघते ६४०.४ आणि ६६४.४; फरक पावणेचार टक्क्यांचा. कंपनीला चालतं, मग आपल्याला का नाही? कारण कंपनीला गाडी कारखान्यातून सोडताना त्या त्या चाकाप्रमाणे पावलाची लांबी बदलता येते, आणि कमानीतली जागा, सस्पेन्शन, ब्रेक यांच्या चाचण्या दोन्ही मापांवर घेता येतात. टायरवाल्याकडे यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे जॅक आणि पान्हा असतो.

४. रुंद टायर रस्ता जास्त पकडतो का?

थोडा पकडतो, पण लोकांना वाटतं त्या कारणाने नाही. टायर रुंद केला की रस्त्याला टेकलेला भाग मोठा होतो, अशी समजूत आहे. टेकलेला भाग मुख्यतः ठरतो तो चाकावरचं वजन आणि आतली हवा यांवरून. एका चाकावर ३०० किलो वजन आहे आणि हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. भागाकार केला तर १३० चौरस सेंटिमीटर येतात. साधारण १४ सेंटिमीटर रुंद आणि ९ सेंटिमीटर लांब एवढ्या तुकड्यावर ते चाक उभं असतं. टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली, तर क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. तुकड्याचा आकार बदलतो. तो आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो.

कोरड्या डांबरावर वळणात हा आडवा तुकडा चांगला काम करतो. स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळते, अंग कमी झोकते. दुकानदाराचं म्हणणं खरं ठरतं ते इथे.

पावसात मात्र उलटं होतं. टायर पाण्यावरून जाताना समोरचं पाणी खाचांमधून बाजूला ढकलत असतो. तुकडा जेवढा रुंद, तेवढं ढकलायचं पाणी जास्त. आणि तो आखूड असल्यामुळे त्या कामाला वेळ कमी. वेग वाढला की एका क्षणी पाणी बाजूला व्हायचं थांबतं आणि टायर त्यावर तरंगू लागतो. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, ब्रेक दाबून उपयोग होत नाही. खाचा झिजलेल्या असतील किंवा हवा कमी असेल, तर हे आणखी कमी वेगातच घडतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणात किंवा घाटमाथ्यावर गाडी चालवणाऱ्याने रुंदीच्या हौसेत ही किंमत धरलीच पाहिजे. चिखलाच्या कच्च्या वाटेवरही अरुंद टायर खाली रुतून तळाची घट्ट जमीन गाठतो, रुंद टायर वरच्या वर घसरत राहतो.

माझं मत विचाराल, तर पकड हवी असेल त्याने रुंदी वाढवण्याआधी टायरचा दर्जा वाढवावा. त्याच मापात चांगल्या रबराचा, चांगल्या खाचांचा टायर ओल्या रस्त्यावर जे देतो, ते स्वस्तातला रुंद टायर देत नाही. कंपनी गाडीसोबत देते तो टायर बहुधा अ‍ॅव्हरेज आणि खर्च यांचा हिशेब घालून निवडलेला असतो. तेव्हा सुधारणेला वाव असतो, पण तो मापात कमी आणि रबरात जास्त.

५. मोठी रिम, पातळ टायर

चाकाची उंची तीच ठेवून १४ वरून १६ इंची रिमवर गेलं, की टायरची भिंत १३२ मिलिमीटरवरून १०७ वर येते. गेलेले २५ मिलिमीटर हवेचे होते. खड्डा आला की हीच हवा दबते आणि धक्का पोटात घेते. ती कमी झाली, की धक्का रिमकडे, रिमकडून सस्पेन्शनकडे आणि तिथून तुमच्या कमरेकडे जातो.

पातळ भिंतीच्या टायरला आपल्या रस्त्यांवर दोन दुखणी ठरलेली. एक म्हणजे रिम वाकते किंवा अलॉयला तडा जातो. दुसरं म्हणजे टायरच्या बाजूला फुगा येतो. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्या चिमट्यात भिंत सापडली की आतले धागे तुटतात आणि तेवढ्या जागी हवा रबर बाहेर ढकलते. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. ‘चालवा अजून महिनाभर, काही होत नाही’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका; तो धावता धावता फुटू शकतो.

म्हणून रिम वाढवायचीच असेल तर एक इंचापर्यंत वाढवावी. दोन इंचांची उडी प्रदर्शनातल्या गाडीला शोभते.

६. रिमची दोन-तीन मापं

रिम बदलणार असाल, तर व्यासाशिवाय आणखी काही आकडे जुळावे लागतात. पहिला रुंदीचा. रिमवर ५.५ जे असं कोरलेलं असतं, म्हणजे साडेपाच इंच. १८५/६५ आर १५ ला पाच ते साडेसहा इंच रुंदीची रिम चालते. अरुंद रिमवर फार रुंद टायर चढवला, तर तो मध्ये फुगतो, मधूनच झिजतो आणि वळणात भिंतीवर लोळतो.

दुसरा आकडा नटांच्या भोकांचा. स्विफ्टला चार भोकं असतात आणि ती १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात. ब्रेझाला पाच, ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर. ‘थोडं अ‍ॅडजस्ट करून बसवतो’ या वाक्याला इथे जागा नाही. तिसरा आकडा रिम आत-बाहेर किती बसते याचा. रिमवर ईटी अशा अक्षरांपुढे तो असतो. तो फार कमी असेल तर चाक बाहेर येतं, मडगार्डला घासतं आणि बेअरिंगवर भार टाकतं. चाक बाहेर काढण्यासाठी मध्ये चकत्या घालून मिळतात. त्यांच्या वाटेला न गेलेलं बरं.

७. चारही चाकं आणि स्टेपनी

एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. ही यंत्रणा चारही चाकांच्या फेऱ्या एकमेकांशी ताडून पाहते; एखादं चाक बाकीच्यांपेक्षा हळू फिरू लागलं, की ते घसरतंय असं समजते. पुढे एक माप आणि मागे दुसरं ठेवलं, तर तिचा हिशेब मुळातच बिघडतो. चाकाच्या फेऱ्यांवरून हवा कमी झाल्याचा इशारा देणाऱ्या गाड्यांतही हेच. माप बदलायचं तर चारही चाकांचं बदलायचं. पैसे आत्ता दोन टायरांपुरतेच असतील, तर जुन्याच मापाचे दोन घ्यावेत.

पाचवं चाक मात्र सगळे विसरतात. स्टेपनी जुन्या मापाची राहिली आणि उंचीत फरक असेल, तर ती फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत पोहोचण्यापुरती वापरायची, ताशी ८० च्या आत. नव्या अलॉयसोबत नट बदलले असतील, तर स्टेपनीच्या लोखंडी रिमला बसणारे जुने नट डिकीत ठेवा.

८. कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. केरळातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे उचलून धरलं. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी जे माप देते, त्यात वादाला फारशी जागा राहत नाही. मडगार्डबाहेर डोकावणारे टायर ही वेगळी गोष्ट. ते रस्त्यातही अडवले जातात आणि अपघातानंतर विम्याच्या सर्वेक्षकालाही दिसतात. बदल केला असेल तर विमा कंपनीला लेखी कळवून ठेवावं.

९. मग करावं काय?

चालकाच्या बाजूचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. त्यावर टायरची मान्य मापं आणि प्रत्येकाला किती हवा भरायची ते छापलेलं असतं. कित्येक गाड्यांत तिथे दोन मापं असतात. तुमच्या गाडीला खालचं माप असेल आणि दोन्हींची उंची जुळत असेल, तर वरचं खुशाल टाका, योग्य त्या रिमसकट. स्टिकरवर नसलेलं माप हवं असेल, तर वर केलेलं उंचीचं गणित करा, दोन टक्क्यांच्या आत राहा, वजनाचा क्रमांक आणि वेगाचं अक्षर खाली जाऊ देऊ नका. यापलीकडचे बदल हौसेचे आहेत. हौस असेल तर जरूर करा, पण त्याला सुरक्षितता किंवा पकड अशी नावं देऊ नका.

टायर घेताना त्यावर आयएसआयची खूण आहे ना, ते बघा. बाजूला चार आकडी तारीख असते. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर सवलतीत मिळत असेल, तर सवलत का आहे ते तुम्हाला कळलं. बसवल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग दोन्ही करून घ्या. मग गाडीत पाच माणसं बसवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा आणि एखाद्या गतिरोधकावरून हळू न्या. कुठे घासल्याचा आवाज आला, तर ते टायर त्याच दिवशी परत करा. आठवड्याने दुकानदार घेणार नाही. रिम बदलल्या असतील, तर पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा कसून घ्या.